उजवा, डावा, ऑटो

१ फेब्रु., रवि. धुळे.
आबा २८ला रिटायर. त्यांच्या वर्कशॉपमधून फोन आला: निरोपाच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा, २५पर्यंत, समोरून काढलेला.
समोरून. तसा एकच आहे घरात, आई-आबांच्या लग्नातला. नंतरचे सगळे उजव्या बाजूने. मी पाच वर्षांची असताना लेथवर लोखंडाची चिप उडून आबांचा डावा डोळा गेला. आता तिथे काचेचा आहे (खरं तर ॲक्रिलिकचा). त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. हा नियम कुणी केला, माहीत नाही.
"मी काढते," म्हणाले. नवीन कॅमेरा आहेच.
आबा: "तुले जमस का ते मशीन?"
"ऑटोवर जमतं."
"ऑटो!" आबा हसले.

३ फेब्रु., मंगळ. जळगाव.
कंपनीत दिवसभर गेज कॅलिब्रेशन, म्हणजे मोजायची उपकरणं तपासणं. ठिबकच्या नळीची जाडी, प्रत्येक रीडिंग दोनदा. आणि माझ्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल तीन महिने झाले तरी प्लास्टिकच्या पिशवीत. कोणी विचारलं तर सांगते, वेळ नाही. खरं कारण: ऑटोवर फोटो बिघडला तर चूक कॅमेऱ्याची. हेही पूर्ण कारण वाटत नाही.

८ फेब्रु., रवि. धुळे.
आबा खिडकीपाशी, पांढरा शर्ट, इस्त्री स्वतः केलेली. बारा फोटो.
"सरळ बघा" म्हटलं की मान आपोआप डावीकडे वळते. "थोडी उजवीकडे" म्हटलं तर जास्तच उजवीकडे. कॅमेरा आधी चेहरा शोधतो, मग डोळा, आणि त्या डोळ्यावर छोटी पांढरी चौकट येते. चौकट डाव्यावर जाऊन बसली. मला दिसलं. तरी बटण दाबलं.
आबा खुशीत: "फोटोग्राफर एक डोया मिटस. मी तं कायमना तयार शे!"
एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या डोळ्याचा विषय. मी हसले नाही. लेन्स पुसत बसले. आई स्वयंपाकघरातून, "काय म्हने?" दोघांनीही सांगितलं नाही.
संध्याकाळी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. काचेच्या डोळ्यात खिडकीचे गज मोजता येतात. चार. उजवा पुसट. खोलीत उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने f/1.8 घेतलं: छिद्र मोठं, एकच डोळा स्पष्ट. त्याच्या हिशेबाने बरोबर.
आबांना पसंत. आई बराच वेळ बघत राहिली. "चांगला शे. पन ह्या मनाकडे देखतस नही." आबा तिच्याकडे बघत नाहीत, एवढीच तक्रार. आणि कळण्याची भाकरी उलटायला आत गेली.

११ फेब्रु., बुध. जळगाव.
मॅन्युअल उघडलं. डोळ्यावर फोकस, पर्याय तीन: ऑटो, उजवा, डावा.
उजवा म्हणजे कुणाचा? समोरच्याचा. रूममेटला बसवून तपासलं. दोनदा.
३ तारखेचं उरलेलं कारण सापडलं. चौकट कुठे बसवायची हे कॅमेऱ्यावर सोडलं की मला आबांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एवढंच. लिहायला सोपं नव्हतं.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र. धुळे.
आबांबरोबर फ्लेक्सवाल्याकडे, फक्त साइज विचारायला. त्याने ८ तारखेचा फोटो पाहिला.
"काका, टेन्शनच नको. उजवा डोळा कॉपी करून, पलटी मारून डावीकडे चिकटवतो. दोन मिनिटं."
"मंग तो नवा डोया कोठे देखी?"
"जिथे हा बघतो तिथेच की."
आबांनी खरंच विचार केला. "नको भाऊ. याले एकवीस वरीस संभाळेल शे."
मी भिंतीवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स वाचत राहिले.
परत येताना स्कूटरवर मागून आबा: "तुनं मशीन कोनता डोया धरस?"
"ऑटोवर आहे, आबा. ते ठरवतं."
"आमनाकडे सीएनसी उनी तवय शेठ बी हाईच म्हने. मशीन बठ्ठं करस. पन जॉब कोठे बसाडेल शे ते तिले कोन सांगस? झिरो कोन लावस?"
सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ; सगळं तीच करते, पण तुकडा कुठे बसवलाय आणि मोजायला शून्य कुठे, हे माणसानेच सांगायचं. मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

२२ फेब्रु., रवि. धुळे.
खुर्ची आबांनी स्वतः लावली. तिरकी नाही.
मी: "आबा, फोकस कुठल्या डोळ्यावर..."
"तू सांग."
मेनू. उजवा. मोठ्याने म्हटलं, "उजवा."
"मंग उजवा."
आई माझ्या खांद्याशी येऊन उभी. "आते मनाकडे देखा." बघितलं त्यांनी. कान लाल झाले. f/4, छिद्र लहान; आयएसओ ३२००. थोडे दाणे येतील. येऊ देत. एकच काढला. आईने स्क्रीन पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली.
आबा उठणार तेवढ्यात म्हटलं, थांबा. मेनू. डावा. अजून एक.
"दुसरा कशाले?"
"त्यालाही सांभाळलंय ना."
हे मी बोलले. आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, परत काढलं. मग आईला म्हणाले, चहा टाक.
दोन्हींचे प्रिंट चौकातून काढून आणले, पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले. मागे काही लिहिलं नाही; फ्लेक्सला कोणता द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. पाचच्या एसटीने जळगाव.

२५ फेब्रु., बुध. जळगाव.
दुपारी आबांचा फोन. "दी उनू फ्लेक्सवालाले." फोटो देऊन आले होते.
"कोणता?"
"शनवारे ये, मंग देख."
मागून आईचं हसणं ऐकू आलं. तिला माहीत आहे. सांगत नाही.
"आबा, निदान..."
"मशीन बी लई ये." म्हणजे कॅमेराही आणायचा. ठेवला फोन.
शनिवारची रजा टाकली, कारणाच्या रकान्यात "घरगुती". कॅमेरा चार्जिंगला लावला. चालू करून पाहिलं तर पर्याय अजून डाव्यावरच. ऑटोवर परत नेला नाही.