कोरीनची पत

प्रिय वर्नाताईस,

ऑर्विलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हाने तरी त्याला आराम पडला असेल. इकडे नेब्रास्कात वाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडवून नेलं, बाकी खुशाल. बऱ्याच वर्षांनी लिहितोय (तू ते मोटारघर कर्जावर घेतलंस त्या नाताळनंतर पहिल्यांदाच), पण तो विषय नको.

आपली कोरीन, माझी नात, मार्चमध्ये अठरा वर्षांची झाली. ऑगस्टपासून लिंकनला नर्सिंग शिकायला जायचंय. खोली पसंत पडली, तर घरमालकीण म्हणते, तुझी पत दाखव. पोरीने शाळेचे गुण दाखवले, आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करते तिथल्या मालकाची चिठ्ठी दाखवली. बाई म्हणाली, तसलं नको, कधी उधार घेऊन फेडलंयस का? नाही म्हटल्यावर खोलीही नाही. ज्याने कुणाचा पैसा बुडवला नाही, त्यालाच पत नाही, हे कुठलं शहाणपण, ताई?

मी तिला घेऊन तडक बँकेत गेलो. तिथली मुलगी (पीटरसनची धाकटी, नाकात चमकी घालते) म्हणाली, "आजोबा, तुमच्या क्रेडिट कार्डावर हिचं नाव घाला, तुमची पत हिच्या कामी येईल." मी ताठ मानेने सांगितलं, आजवर एक कार्ड नाही की एक हप्ता नाही. तिने यंत्रात शोधलं. "अहो, तुम्ही यात नाहीच आहात!" सगळा जन्म या गावात गेला माझा!

मग कोरीनला वेगळं कार्ड दिलं. तिने पगारातले तीनशे डॉलर अनामत ठेवायचे आणि बँकेने तिला तेवढंच उधार द्यायचं. म्हणजे गाय माझी, बांधली तुमच्या गोठ्यात आणि दूध मात्र मला उसनं! वापराने पत वाढते एवढं मला कळलं, म्हणून पोरीला हातभार लावावा या विचाराने तिचं कार्ड नेऊन मी खुराड्याचे पत्रे घेतले. कार्ड काठोकाठ भरलं. कोरीन रडकुंडीला आली. "आजोबा, थोडंसंच वापरायचं आणि बिल आलं की सगळं वेळेवर फेडायचं! काठापर्यंत गेलं की त्यांना वाटतं आपण बुडालो!" थोडक्यात, उधार घ्यायचं, पण गरज असल्यासारखं दिसायचं नाही. मी त्याच दिवशी पैसे भरले. पण पत दिसायला निदान सहा महिने लागतात म्हणे, आणि ऑगस्ट दारात उभा आहे. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

उन्हात टोपी घालून हिंडत जा.

तुझा,
ऑर्विल

ता.क. फ्रीज काय, होडी काय, तू सगळं हप्त्यांनी घेतलंस आणि एकही हप्ता चुकवला नाहीस. तुझ्या कार्डावर कोरीनचं नाव घालशील का? कार्ड तिच्या हातात द्यावं लागत नाही, मी चौकशी केली आहे.

ता.क. पुन्हा. त्या नाताळला मी तुला सगळ्यांदेखत जे बोललो, ते प्यायल्यामुळे बोललो. निदान निम्मं तरी.

(पाकीट मी चिकटवतेय. कोरीन.) वर्नाआजी, पत्र्यांच्या गोंधळानंतर मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही लगेच माझं नाव घातलंत, काल खोलीही पक्की झाली, हे मी आजोबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर हे पत्र त्यांनी लिहिलंच नसतं. आता फोन मला नको, त्यांना करा. दुपारभर फोनपाशीच बसून असतात आणि विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतायत.