सेलवर चाललेला टेप

आबा, गेल्या श्रावणात मी तुमचा आवाज पुसून टाकला. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातांनी. तुम्ही ज्या वयात गेलात, त्याच्या चार वर्षं पुढे मी आलो आहे, तरी हे सांगताना तुमच्या कापसाच्या जिनिंगच्या दारात खाली मान घालून उभं राहिल्यासारखं वाटतं.

पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देता देता शहाद्यात स्वतःचं दुकान झालं, घर झालं, आणि पन्नाशी उलटल्यावर हे एक खूळ लागलं. पूर्वी धान्याची कोठी ठेवायचो त्या खोलीत, बंद पडलेल्या एका ऑफिसातून आणलेला जुना कॉम्प्युटर ठेवला आहे. त्या एका पेटीत मी चार कॉम्प्युटर चालवतो. खरे चार नाहीत. एका घरात चार भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तसे. एक गाणी-सिनेमे सांभाळतो, एक दारावरचा कॅमेरा, एक दुकानाची कागदपत्रं, आणि चौथा माझ्या प्रयोगांसाठी. तिथून भिंतीतल्या पाइपांमधून खोलीखोलीत वायर नेली आहे. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून घरातलं कुठलंही गाणं लावता येतं. त्या खोलीत सारखे बारीक दिवे लुकलुकतात, म्हणून तुमची सून म्हणते, "घरमा एक देव्हारा व्हता, आते दोन व्हयनात. दुसराले निवद काय दाखाडू?"

या सगळ्याचं मूळ तुमच्याकडेच जातं. मी दहावी झालो तेव्हा तुम्ही खापर गावच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणलात आणि मी दुसऱ्याच दिवशी तो उघडून चादरीवर पसरला. तुम्ही कामावरून आलात, मिशीवर कापसाचं पीस. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. "पहिले आयक, मंग उघाड," एवढंच म्हणालात. मग सकाळी मला सोबत नेता आणि जिनिंगच्या मशीनपाशी उभं करता. त्या गदारोळात मला काही म्हणजे काही कळत नाही. तुम्ही डोळे मिटता आणि म्हणता, "तिसरं मशीन रडी ऱ्हायनं." दुपारी त्याच मशीनचं बेअरिंग जातं. माझे कान त्या दिवशी घडायला लागले. आज शेतकरी फोनवर मोटारीचा आवाज ऐकवतो आणि मी बिघाड सांगतो. गिऱ्हाइकं म्हणतात, शेठला कान नाहीत, मीटर बसवले आहेत. मलाही ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

पुन्हा जोडलेल्या त्याच टेपवर आपण कानबाईच्या सणाची गाणी भरली होती. श्रावणातला रविवार, रोटांचा दिवस. घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ घेतलेला गहू दळून झालेला, आणि स्वयंपाकघरात आई, तुमची बहीण म्हणजे आमच्या फुई, आणि भाऊबंदांतल्या बाया रोट करता करता गात होत्या. आई गेली, टेपही मोडला, पण ती कॅसेट राहिली. गेल्या श्रावणात मी ती कॉम्प्युटरवर उतरवली. गाण्यामागे सतत एक गुंईं होतं. जुन्या टेपमध्ये विजेची घरघर शिरते, ती असणार असं धरून चाललो. आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रामला एक नमुना द्यावा लागतो, म्हणजे अमुक आवाज जिथे सापडेल तिथून काढ, असं दाखवावं लागतं. गाणं सुरू होण्याआधी नुसत्या घरघरीचा एक तुकडा होता, तो मी नमुना म्हणून दिला. आईचा आवाज काचेसारखा लख्ख झाला. मी इतका खूश झालो की जुन्या प्रतीच्या जागी ही नवी ठेवली. एका डिस्कवर बदललं की दुसरीवर आपोआप बदलतं, ती व्यवस्था मीच केलेली; तिथेही तेच झालं. उरली कॅसेट, बुरशी धरलेली. देवाचं ते कचऱ्यात टाकायचं नाही, आपली रीतच आहे. सोमवारी विसर्जनाला कानबाईच्या नारळाबरोबर ती मी प्रकाशा गावी तापीत सोडली आणि वर हात जोडले.

यंदा रोटांना फुई कळसाडीहून आल्या. मी ऐटीत टीव्हीवर गाणं लावलं. आईचा आवाज आला तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. मग बराच वेळ कान देऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आनी मन्हा भाऊ?"

"कोनता भाऊ, फुई?"

"तुना बाप. पीठ उडे म्हनीसन टेप त्याना मांडीवर व्हता ना. आमी गानं म्हनूत, तो दारशी बसीसन गुंई गुंई करे. बाया हासेत."

मी म्हटलं, फुई, ती विजेची घरघर होती.

"ईज?" त्या म्हणाल्या. "त्या दिन लाइट कोठे व्हती? तूच त सेल लयना व्हता."

खरं होतं. लाइट नव्हती, मी सायकलवर जाऊन सेल आणले होते. आणि सेलवर चालणाऱ्या टेपमध्ये विजेची घरघर येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. दिवसभर मशीनपाशी उभं राहून तुम्ही मशीनच्याच सुरात गुणगुणायला लागला होता, चढ नाही, उतार नाही. प्रोग्रामला तुम्ही मशीन वाटलात. त्याचं सोडा, मला वाटलात. ज्या तुकड्यात दुसरं कुणीच नव्हतं, फक्त तुम्ही होता, तोच बोटाने दाखवून मी म्हणालो, हे काढ.

पुढचे आठ दिवस दुकानात लक्ष लागलं नाही. मग आठवलं, नवा प्रोग्राम टाकण्याआधी त्या चौथ्या, प्रयोगाच्या कॉम्प्युटरची होती तशी पूर्ण प्रत काढून ठेवायची माझी सवय. कॅसेट मी आधी त्याच्यातच उतरवली होती, साफ करणारा प्रोग्राम नंतर आला. ती प्रत असलीच तर कपाटातल्या एका जुन्या डिस्कमध्ये, जी मी बाद म्हणून ठेवली होती. या वेळी घाई केली नाही. डिस्क जोडली आणि आधी तिला कान लावला. टकटक नव्हती, रडत नव्हती. मग उघडली. तो जुना कॉम्प्युटर वर्षापूर्वीच्या त्या दुपारसारखा जसाच्या तसा उठून बसला, आणि त्याच्यात गाणं होतं, गुंईंसकट. मधे एकदा ती गुंईं थांबते, तुम्ही खाकरता, आणि पुन्हा तोच सूर धरता.

आता त्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. एक फुईंच्या मोबाइलमध्येही घातली. तुम्हाला लिहिलेला हा कागद तापीत सोडावा असं मनात आलं होतं, पण नदीला द्यायची घाई आता करत नाही. तो त्या डिस्कच्या खोक्यात राहील. हे गुंईंसकटचं गाणं ऐकवलं तेव्हा फुईंनी विचारलं होतं, "बापना आवाज वळखू उना ना रे?" मी म्हटलं, लगेच. आबा, लगेच नाही. खाकरलात तेव्हाही नाही. फुईंनी सांगितलं नसतं, तर तुमचा आवाज कसा होता हे मी विसरलोय, हे मला कळलंही नसतं.