पाहुण्याचे हात

१२ नोव्हेंबर १९७१, मिरजगाव
लेक सुमनचं बोलावणारं पत्र आलं म्हणून निघालो, सुखरूप पोचलो. विहीणबाई चांगुणाबाईंनी थांब्यावर बैलगाडी पाठवली होती. लेकीच्या सासरी एवढा मान! जेवायला पुरणपोळी. विहीणबाई हसून म्हणाल्या, "पाव्हणं, लवकर निघालात तर गाडीची चाकं काढून ठेवीन!" जावई कानिफनाथ तापाने पडून आहेत. बापाकडून शेत आलं तसा हा तापही आला. या वेळी मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखतात की चादर लागली तरी ओरडतात. सुमन बाजेवरूनच हसली, उठली नाही. दमली असेल.

१४ नोव्हेंबर
नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि अंग चेपू नका असं बजावलंय. विहीणबाई म्हणतात, गोळीनं ताप उतरतो, दुखणं न्हाई. त्याला जायला दुसरं अंग लागतं. रक्ताच्या माणसाने चेपलं तर ते हलत नाही, परकंच माणूस हवं, अशी इथली रीत. आजवर सुमन चेपत होती. अडाणी समजूत. तरी आग्रह मोडवेना, चेपलं. कातडीखाली काहीतरी सरकलं. जावई शांत झोपले.

१५ नोव्हेंबर
जावई अंगणात चालत आहेत. माझे तळहात भाजल्यासारखे. सुमनचे पाय पाहिले. लाकडासारखे कडक. रडत म्हणाली, "आबा, तुमी जावा. मी बोलावलं न्हवतं तुमाला."

१७ नोव्हेंबर
तिला घेऊन निघणार होतो. गाडीला चाकं नाहीत. माझ्या मांड्यांत आग. जावयांना पुन्हा ताप. मी नाही म्हणालो, तर विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, सुमन हायेच की. सुमनचे पाय गेलेच, निदान हात तरी शाबूत राहू देत, म्हणून मीच चेपलं.

१८
उभं राहता येत नाही. गोळ्या मागितल्या — चुलीत टाकल्या म्हणे. सुमन वाचली, एवढंच —

१९
ओरडायचं नाही. ती ऐकेल. उशी तोंडात —

ऐकलं तिने. सरपटत येते आहे. मी म्हणालो, तू माझं रक्त, उपयोग नाही, मागे फिर. दारातून विहीणबाई हसल्या — लेक दिली की बापाला परकी, अन् सासरी तर परकीच —

हात ठेवला तिने. सुमन, नको — काढ —

थंड वाटतंय. मांडी सैल होते आहे. काढ म्हणायला हवं. देवा, किती बरं —