काका लाँड्रीत येतात तेव्हा

काका,

आईकडे निरोप धाडलात, "पोरीला सांग, अहवालातलं ते वाक्य खोड." नाही खोडणार! हे पत्र पाठवलं तर आई मधल्यामध्ये भरडली जाईल, म्हणून पाठवत नाही. पण वाक्य राहणार.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी महिनाभर तुमच्या लाँड्रीत बायकांबरोबर इस्त्री केली. त्यांच्यातल्या कुणी आपलं बोलणं मागे घेतलं, तर मी ते निमूट काढून टाकते; तसा नियमच आहे. पण 'मालक दारात दिसले की हसणं थांबतं', हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी पाहिलंय. तेव्हा त्यांना धारेवर धरू नका.

खोटं वाटतं? "स्वतः येऊन बघा" म्हटलं असतं. पण तुम्ही आलात की बघण्यासारखं काही उरतच नाही.

तुमच्या भाषेत,
शेफारलेली पुतणी