निळ्या ताडपत्रीचं तळं

मंगळवार, मे अखेर

डोकं अजून तापलेलंच आहे. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर मदत कुठे पोचवायची, याचा नकाशा आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून करतोय. आज बघते तर शीव कोळीवाड्यात चक्क तळं! तिथे तर माझी मावशी राहते. छपरं गळतात म्हणून अख्ख्या गल्लीने निळी ताडपत्री घातलीय, आणि कॉम्प्युटरने तिला पाणी समजून घरंच गाळून टाकली. ताडपत्रीला पाणी! म्हणजे उद्या गल्ली बुडाली तरी तिथे कुणी जाणार नाही.

मावशीला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अगो, मग गळ घेऊन ये, मासे पकडू." मला काही हसू येईना.

दुपारभर बसून एकेक छप्पर हाताने आखलं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "एवढं चालतं गं. आजच द्यायचंय, जुनाच पाठव." चालतं? कुणाला चालतं? त्या ताडपत्रीखाली माणसं झोपतात, साहेब!

मी नाही पाठवला. शेवटी त्यांनीच पाठवायला घेतला, तोही जुनाच. म्हटलं, मग त्यावरचं माझं नाव तरी काढा.

ते मात्र त्यांनी तिथल्या तिथे काढलं.