चाचणीच्या मोटारीची नवी व्हॉल्व्ह बॉडी आणि तीनदा नापास अर्जदार

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
चालक परवाना कार्यालय

विषय : आपल्या कार्यालयाच्या मोटारीत व्हॉल्व्ह बॉडी बसवून झाली असून, ती रस्त्यावर फिरवून पाहण्यासाठी अर्जदारास परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडील नापासाच्या तीन चिठ्ठ्या.

महोदय,

१. अर्जदार ही गॅरेजवाल्यांची थोरली मुलगी असून सोळा वर्षे गाड्यांखाली निजून गिअरबॉक्स उतरवीत आली आहे. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर फिरवून पाहण्याचे काम वडिलांचे. त्यांची नजर अधू झाल्याने आईने किल्ल्या काढून घेतल्या. फिरवून न पाहिलेली गाडी वडील गिऱ्हाइकाला देत नाहीत. त्यामुळे परवान्याअभावी गॅरेजला कुलूप लागेल, अशी अर्जदारास खरोखर धास्ती आहे.

२. तिन्ही वेळा परीक्षकसाहेबांनी शेरा मारला : ‘गिअर बदलताना धक्का देते.’ चाचणीची, आपल्या कार्यालयाची एकुलती मोटार ऑटोमॅटिक आहे. तीत गिअर आपले आपण बदलतात. हे निदर्शनास आणून देताच साहेब म्हणाले, “चालवत कोण होतं, ताई? मग धक्का कुणाचा?”

३. पुढे तीच मोटार, तोच धक्का काढण्यासाठी, आपल्याच आदेशाने अर्जदाराच्या गॅरेजात आली. तेलाच्या दाबाने गिअर बदलवणारा भाग, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी, पार झिजला होता. नवी बसवताना आतल्या पोलादी गोळ्या व्हॅसलीनने जागच्या जागी चिकटवल्या, बोल्ट मधून कडेकडे ठरल्या मापाने आवळले, नवे तेल भरले. वडिलांनी एकेका बोल्टवर बोट फिरवले आणि “झकास, पोरी,” म्हणाले. अर्जदाराचा ऊर भरून आला.

४. मात्र नव्या भागाशी मोटारीच्या संगणकाचे सूत जुळायला ती रस्त्यावर बेताबेताने फिरवावी लागते. वडिलांना दिसत नाही आणि अर्जदाराला, आपल्या कृपेने, परवाना नाही. परवाना नाही म्हणून मोटार हलत नाही, मोटार नाही म्हणून चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून परवाना नाही. आपल्या दारातली रांगही अकरा दिवस ताटकळत आहे.

५. मोटार तुम्हीच फिरवून द्या, असा परीक्षकसाहेबांना फोन करताच ते लगबगीने आले, चहा घेतला, मोटारीत बसले, सीट मागेपुढे केली आणि खाली उतरले. मग हळूच म्हणाले, “माझ्या परवान्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलीय हो. नवा काढायचा तर याच गाडीत चाचणी द्यावी लागते. तो धक्का मला ठाऊक होता ना, नापासच झालो असतो!” अर्जदारास आधी संताप आला, मग हसू आवरेना, शेवटी त्यांची दयाच आली.

६. सबब, आपण स्वतः गॅरेजवर येऊन आवारातल्या आवारात अर्जदाराची चाचणी घ्यावी, ही कळकळीची विनंती. निघण्यापूर्वी आपल्याही परवान्यावरची तारीख एकदा पाहून घ्यावी.

मोटारीच्या चाकांना हवा भरून वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
गॅरेजवाल्यांची थोरली

दिनांक : सोमवार, चाचण्या बंद पडल्याचा अकरावा दिवस

सोबत :
१) नापासाच्या चिठ्ठ्या, तीन.
२) जुनी व्हॉल्व्ह बॉडी, गोणपाटात. तेल गळते, फायलींवर ठेवू नये.
३) स्वतःची चाचणी घेण्यात यावी म्हणून परीक्षकसाहेबांचा अर्ज. अक्षर अर्जदाराचे आहे, सही त्यांचीच.