खिडकीची दारं

१४ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. मी बरी आहे. बाबांना काल रात्री झोप लागली म्हणे, ऑक्सिजनची नळी न काढता.

परवा दवाखान्याच्या जिन्यात तू विचारलंस, "बाईसाहेब, कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे दोन तारे आपटले ते तुम्हाला इथे बसून कळतं. मग बापाच्या छातीत काय चाललंय ते कसं कळलं नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, दादा. दोन दिवस शोधते आहे.

तुला एक गंमत सांगते. काल बाबांनी मला विचारलं, "चिमटी, तू तिकडे दुर्बिणीपाशी नक्की करतेस तरी काय?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बाबा, सोनं कुठून येतं ते शोधते. ते म्हणाले, "सराफाकडून." आणि स्वतःच हसले.

मग मी सांगितलं. मोठा तारा विझतो तेव्हा कधीकधी त्याचा गाभा चेपून एवढा घट्ट होतो, की आख्ख्या सूर्यापेक्षा जड ऐवज एका शहराएवढ्या गोळ्यात मावतो. मेलेला तारा. असे दोन मेलेले तारे एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरतात, हळूहळू जवळ येतात आणि शेवटी क्षणात आदळतात. तेव्हा जे उधळतं त्यात सोनं घडतं. आपलं सगळं सोनं तिथूनच आलं का, यावर आमच्यात अजून वाद आहेत. पण तिथे सोनं घडतं हे नक्की.

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "एवढं उडालं, मग केर कोणी गोळा केला?"

केरातला सोन्याचा कीस जपणाऱ्या सोनाराशिवाय हे कोण विचारेल! मी म्हटलं, बाबा, केरातूनच तर पृथ्वी झाली. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर बसून मला आपल्या दुकानाची खिडकी आठवली. बाबा कामाच्या पटावर बसले की पहिलं वाक्य काय असायचं? "चिमटी, खिडकी." वाऱ्याने ज्योत हलते, केर उडतो. मग पंखा बंद, खिडकीची दोन्ही दारं बंद, वर कडी. उंची पुरत नव्हती तेव्हा तू मला उचलून धरायचास. त्या बंद खोलीत फुंकणी तोंडात धरून, नाक ज्योतीपासून वीतभर, बाबा सांधे झाळायचे. लोक म्हणायचे, यांच्या जाळीकामात सांधा शोधून दाखवा. ती सगळी करामत सांध्यात वितळवायच्या त्या मऊ तारेची. झटकन वितळते, पाण्यासारखी पसरते.

वर लिहिलं ते खोटं आहे, दादा. उत्तर आहे माझ्याकडे.

मला कळलं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत मॅडमनी लाल चिठ्ठीची एक बाटली दाखवली. कॅडमियम. "हे उघड्यावर तापवायचं नाही. याचा धूर छातीत गेला तर परत निघत नाही." ते नाव मी बाबांच्या खणातल्या पुडीवर वाचलं होतं. बारीक अक्षरात, तारेच्या नावाखाली. त्याच संध्याकाळी मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला आणि आधीच विचारलं, "काय गं, पास का?" मी म्हटलं, हो बाबा. आणि ठेवून दिला.

का नाही बोलले? ती तार वापरणं सोडलं तर सांधा दिसेल, सांधा दिसला तर गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेलं तर मला परत बोलावतील. घरातली पहिली पदवी अर्धी राहील. तू दहावीनंतर पटावर बसलास तो माझ्यासाठी, हेही मला ठाऊक होतं. तरी मनाशी म्हटलं, पदवी झाली की सांगू. मग म्हटलं, एम.एस्सी. झाली की. आणि दर सुट्टीत घरी येऊन, सगळं माहीत असताना, बाबा म्हणाले "चिमटी, खिडकी," की मी उठून कडी लावत होते. आता उचलून धरायला तू लागत नव्हतास.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, आहे ते टिकवा. मग विचारलं, "घरात हे काम अजून कोणी करतं?" मी तुझं नाव सांगितलं. रविवारी मी खिडकी उघडली तर तू उठून लावलीस, "दुकानात शाळा नको" म्हणालास आणि तेवढं बोलताना तीनदा खोकलास. बाबांचा खोकला असाच सुरू झाला होता. त्यांना तीस वर्षं लागली, तुला बारा. छोटी तुझ्या मांडीवर बसून ज्योत बघते, दादा. मी काय करू? तू ऐकत नाहीस आणि तुला ऐकवण्याचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच घालवला.

आज तू बाबांचा डबा घेऊन गेलास तेव्हा मी दुकान उघडलं. पेचकस घेऊन खिडकीची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उतरवली आणि समोरच्या सुताराकडे नेली. तो म्हणाला, "ताई, जुनं लाकूड आहे, दगडासारखं. कापलं की परत जुळणार नाही. भावाला विचारलंत?" मी म्हटलं, कापा. दोन्ही दारांचे चार तुकडे होईपर्यंत उभी राहिले.

खणातली जुनी तार सगळी काढून घेतली आहे. ती आमच्या प्रयोगशाळेत जमा होईल. तिच्या जागी दुसरी ठेवली आहे, कॅडमियम नसलेली. ती उशिरा वितळते. सांधा दिसेल. दिसू दे.

बाबांना मी पहाटेच सगळं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने फक्त हात मागे केला, मी तो धरला. त्याचा अर्थ मला कळलेला नाही. रागावायचा तुझा वाटा तेवढा राहिला आहे. मी दवाखान्यातच असेन, येऊन रागाव.

पत्र ऐरणीखाली ठेवते आहे. इथे आता वारा फार आहे.

कडी लावत आलेली,
तुझी चिमटी